पाण्याचे पंच

धरणाविषयी बोलणारी माणसे पुष्कळ भेटतात. भिंत किती उंच आहे, जलाशयात किती पाणी मावते, यंदा साठा किती टक्के झाला, हे वर्तमानपत्रांतून आपण रोज वाचतो. परंतु ते पाणी अखेरीस ज्यांच्या निर्णयाने शेतात जाते किंवा जात नाही, त्या गावोगावच्या पाणीसमित्यांतील माणसांविषयी शहरात सहसा कोणी बोलत नाही. आज मला त्यांच्याविषयी सांगावयाचे आहे. मी इंजिनियर नव्हे आणि शेतीतज्ज्ञही नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. जे काही शिकलो ते सभांची इतिवृत्ते आणि हिशेबाच्या वह्या यांतून शिकलो. पाण्याच्या पंचांशी माझी ओळख झाली, तीही पगाराच्या तंट्यातूनच.

काही वर्षांपूर्वी दोन पाटकरी आमच्या युनियनच्या कचेरीत आले. पाटकरी म्हणजे पाटावर देखरेख ठेवणारा, ठरलेल्या वेळी चारीचे दार उघडणारा आणि बंद करणारा माणूस. आवर्तन सुरू असले म्हणजे त्याला रात्र आणि दिवस सारखाच. ही दोघे एका पाणीवापर संस्थेच्या नोकरीत होती आणि त्यांचा पाच महिन्यांचा पगार थकला होता. मी रिवाजाप्रमाणे मागणीपत्र लिहिले आणि त्यांच्या गावी गेलो. शाळेच्या एका खोलीत समितीची बैठक भरली होती. मालकाला जाब विचारावा त्या आवाजात मी बोलण्यास सुरुवात केली. चेअरमन वयस्क होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पाणीपट्टीची वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "साहेब, पैसे असते तर दिले असते. वाचा तुम्हीच."

मी वही वाचली. थकबाकीदारांच्या यादीत जी नावे वरच्या बाजूला होती, त्यांची शेते पाटाच्या तोंडाशी होती. पैसे वेळेवर भरणारे बहुतेक सगळे टेलचे, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचे. ज्यांना पाणी सर्वांत कमी मिळे, तेच पट्टी सर्वांत नियमित भरीत होते. कारण विचारले तेव्हा उत्तर सोपे निघाले. टेलचा माणूस थकला तर त्याची पाळी सहज चुकवता येते. तोंडाशी बसलेल्याला मात्र ठाऊक असते की पाणी पुढे जाईल ते त्याच्या बांधावरूनच जाईल. मी विचारले, "या यादीत समितीचे कोणी आहे का?" कोणी बोलेना. मग कोपऱ्यात बसलेल्या एक संचालक बाई म्हणाल्या, "भाऊ, तिसरं नाव बघा. ते पंचाचंच आहे."

गिरणीच्या तंट्यात मालक कोण हे विचारावे लागत नाही. येथे मात्र पगार देणारे आणि पगार थकवणारे एकाच बाकावर बसले होते. माझे मागणीपत्र कोणाच्या हाती द्यावे हेच मला कळेना. तेव्हापासून या समित्यांचा मी माझ्या परीने अभ्यास केला. त्यातून जे उमगले ते मांडतो.

साधे गणित

प्रथम पंचांच्या पुढे रोज येणारे गणित पाहू. पाटाचे पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे एका तासात ३,६०० घनफूट, सुमारे एक लाख लिटर पाणी येते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पिकाला एका पाळीत तीन इंच, म्हणजे पाव फूट पाणी द्यावयाचे धरले तर एकराला १०,८९० घनफूट लागतात. म्हणजेच एक क्युसेकची चारी तीन तास चालली की एक एकर भिजतो. वाटेतली गळती तूर्त बाजूला ठेवू.

आता अशा चारीवर २४० एकर जमीन आहे असे समजा. सगळी भिजवावयाची तर ७२० तास, म्हणजे बरोबर तीस दिवस चारी रात्रंदिवस चालली पाहिजे. पाऊस कमी झाला, धरण अर्धवट भरले, आणि आवर्तन वीसच दिवस मिळाले. वीस दिवसांत १६० एकर भिजतात. उरलेले ८० एकर कोणाचे?

पाणीसमितीवर बसणे म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी घेणे होय. बांध घालणे, गाळ काढणे, झाडे लावणे ही कामे मोलाची खरीच. परंतु ती माणसे एकत्र येऊन उत्साहाने करतात, त्यांचे फोटोही निघतात. पाणी पुरेसे असते तेव्हा समिती असली काय आणि नसली काय, फारसे अडत नाही. ते कमी पडते त्या दिवशी तिची परीक्षा असते. आणि कोणी काही ठरवलेच नाही, तरी निर्णय होतोच! पाण्याला उतार कळतो, न्याय कळत नाही. ते पहिल्या शेतात शिरते, दुसऱ्यात शिरते, आणि शेवटचे ८० एकर कोरडे राहतात. दरवर्षी तेच ८० एकर, आणि दरवर्षी तीच घरे.

या गणिताची वेगळी उत्तरे आपल्याच महाराष्ट्रात माणसांनी काढलेली आहेत. त्यांतील तीन सांगतो.

फडाचे उत्तर

पहिले उत्तर खानदेश आणि नाशिककडचे आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काहीशे वर्षांपूर्वी दगडी बंधारे बांधले गेले आणि त्यांवर फड पद्धती उभी राहिली. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणत. त्या थळाचे तीन-चार मोठे भाग पाडीत. त्या प्रत्येक भागाला फड म्हणत. एका फडात एका वेळी सगळ्यांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढल्या वर्षी फेरपालट करावयाची. एका फडात ऊस असला तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी किंवा बाजरी.

यातील मर्म असे की, पद्धत नीट चाले तेथे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाणी कमी आले तर पंच एक फड त्या वर्षापुरता बंद ठेवीत. फड बंद झाला की त्यात पाटलाचीही पट्टी बंद आणि गरीब कुणब्याचीही बंद. आपल्या गणितातले ८० एकर अशा रीतीने सगळ्यांत वाटले जात. ज्याच्या हातात बंद करण्याचा अधिकार, त्याचेही शेत त्यात कोरडे पडे. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते.

दुसरी गोष्ट मला कामगार कार्यकर्ता म्हणून फार महत्त्वाची वाटते. फडात शेतकरी स्वतःच्या शेताला स्वतः पाणी देत नसे. पाणी देणारे बारेकरी, पाट सांभाळणारे पाटकरी, पिकाची राखण करणारे जागल्ये आणि त्यांच्यावरचा हवालदार, अशी समितीने नेमलेली माणसे असत. त्यांना मोबदला बहुधा धान्यात मिळे. दारे धरणारा माणूस कोणा एका शेतकऱ्याचा गडी नव्हता, साऱ्या थळाचा नोकर होता. त्यामुळे कोणाकडे अर्धा तास जास्त पाणी सोडण्यात त्याचा काही लाभ नव्हता. निःपक्षपाती वाटणीसाठी वाटणाऱ्याचे पोट एका माणसाच्या मर्जीवर असू नये, हे तत्त्व त्या जुन्या लोकांनी कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाविना ओळखले होते. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याला त्याला स्वतंत्र पीक घ्यावेसे वाटू लागले, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले.

पाणी पंचायतीचे उत्तर

दुसरे उत्तर पुरंदर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे तिकडे गेले. शेतकरी स्वतःची शेते सोडून सरकारी कामावर खडी फोडीत आहेत, हे त्यांनी पाहिले. १९७४ मध्ये त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन घेऊन प्रयोग केला. त्यातून पाणी पंचायत निघाली.

तिचे नियम मोजके आणि कडक होते. योजना एकट्यासाठी नाही, गटासाठी. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मापाने. दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. वीस एकरवाल्यालाही अडीच एकरांचेच पाणी. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ज्याच्यापाशी जमीनच नाही, त्या भूमिहीनालाही हक्क. उसाला पाणी नाही. खर्चापैकी वीस टक्के सभासदांनी आधी घालावयाचे; निम्मे सरकारी अनुदान, आणि उरलेले तीस टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी.

उसाच्या बंदीवर लोकांनी पुष्कळ टीका केली. परंतु विचार करा. ज्वारी साडेतीन-चार महिन्यांत शेत मोकळे करते. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो आणि उन्हाळाभर पाणी मागतो. कमी पाण्याच्या गावात एकाने ऊस लावला की किती जणांच्या ज्वारीचे पाणी तो घेतो, हे वेगळे सांगावयास नको. पाणी पंचायतीने आपल्या गणिताची मांडणीच बदलली. '८० एकर कोणाचे कोरडे ठेवावयाचे?' हा प्रश्न बाजूला ठेवून तिने 'माणसे किती आणि प्रत्येकाच्या वाट्याला काय येते?' असे विचारले. तिच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. काही बंद पडल्या. साळुंखे २००२ मध्ये वारले. तरीही भूमिहीनाला पाण्याचा वाटेकरी मानणारा त्यांचा नियम आजही आपल्यासमोर प्रश्न म्हणून उभा आहे.

टेलपासून सुरुवात

तिसरे उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे. दिंडोरी तालुक्यात वाघाडचे धरण झाले. ओझरची शेते त्याच्या कालव्याच्या टेलला, आणि कालवा असून पाणी पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना जमवून १९९० च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्यांनी सरकारशी करार केला तो एकराच्या हिशेबाने नव्हे, मोजून घेतलेल्या पाण्याच्या हिशेबाने. संस्थेच्या तोंडाशी पाणी मोजावयाचे, जेवढे मोजले तेवढ्याचे पैसे द्यावयाचे, आणि आत कोणी कोणते पीक घ्यावे हे सभासदांनी ठरवावयाचे. ओढ्यांवर बांध घालून कालव्याचे पाणी त्यांत सोडले, त्याने विहिरी भरू लागल्या. मग विहिरीवाल्यांनाही पट्टी लावली. पुढे वाघाडच्या साऱ्या २४ संस्थांचा एक संघ झाला आणि धरणाखालच्या सगळ्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. तेथील मुख्य शिस्त म्हणजे पाळी टेलपासून सुरू करावयाची आणि वर येत जावयाची.

ही युक्ती साधी, पण तिच्यात व्यवहारज्ञान मोठे आहे. तोंडापासून सुरुवात केली तर शेवटच्या माणसाला पाणी पोचावे याची फिकीर एकट्या शेवटच्यालाच असते. टेलपासून सुरुवात केली की खालचे भिजेपर्यंत वरच्याची पाळी येत नाही. मग चारी फुटली, गवताने भरली, कोणी मध्येच दार फोडले, तर वरचा माणूसच आरडाओरड करतो. सगळ्यांना पाणी पोचण्यात त्याचाही स्वार्थ गुंततो.

२००५ मध्ये महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा कायदा झाला. त्यात समितीवर तोंड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांचे संचालक सारख्या संख्येने असावेत आणि अध्यक्षपद या भागांत फिरते राहावे असे ठरवले. मोजून पाणी देण्याचे तत्त्वही घातले. कायदा चांगला आहे. परंतु कायदा माणसाला बाकावर बसवतो. त्याला बोलते करणे कायद्याच्या हातात नसते. टेलचा संचालक बैठकीला येतो, सही करतो, चहा घेतो आणि जातो, कारण तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याच्याच दुकानातून तो बियाणे उधार आणतो. स्त्री संचालकाच्या नावाने तिचा नवरा किंवा दीर हजर राहतो. युनियनमध्येही मी हे पाहिले आहे. समितीत निवडून आलेला तात्पुरता कामगार कायम कामगारापुढे तोंड उघडीत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. वही सगळ्यांना पाहता आली पाहिजे, आणि नियम प्रथम पंचांना लागला पाहिजे.

त्या गावी पुढे काय झाले

आता पुन्हा शाळेतल्या त्या खोलीत जाऊ. वहीतल्या तिसऱ्या नावाचे पंच समोरच बसले होते. मी त्यांना बोल लावला नाही. तो माझा अधिकारही नव्हता. मी इतकेच सांगितले की आमच्या युनियनमध्ये ज्याची वर्गणी थकलेली असते, त्याला ती भरेपर्यंत मत देता येत नाही. हा नियम प्रथम सरचिटणिसाला लागतो, मग इतरांना. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी ठराव झाला. थकबाकीदार संचालकाने पट्टी भरेपर्यंत मतदान करू नये. पुढचे आवर्तन टेलपासून सुरू करावे. दर आवर्तनानंतर मोजलेले पाणी, जमलेले पैसे आणि थकलेली नावे शाळेच्या फळ्यावर लिहावीत. आणि जमा होणाऱ्या पैशातून पहिला खर्च पाटकऱ्यांच्या पगाराचा करावा. या शेवटच्या कलमाची सूचना त्या बाईंनी केली, मी नव्हे.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. त्या पंचांनी महिन्याभरात पैसे भरले, पण दोघा मोठ्या थकबाकीदारांनी भरले नाहीत आणि त्यांच्या दाराला कुलूप घालण्यास समिती वर्षभर धजली नाही. पाच महिन्यांच्या पगारापैकी तीन महिन्यांचा पगार त्या हंगामात मिळाला, बाकी पुढच्या सुगीला. तोवर दोघांपैकी एक पाटकरी औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला निघून गेला. चारीची सगळी दारे, सगळे चोरकप्पे आणि सगळ्यांच्या खोड्या त्याला ठाऊक होत्या. असा माणूस गेला की संस्थेचे केवढे नुकसान होते, ते हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाही. त्याच्या जागी आलेला मुलगा पहिल्या आवर्तनात रात्री दोन वाजता एकटाच तोंडाच्या दारावर उभा होता आणि चार माणसे त्याला दार बंद करू देत नव्हती. अशा वेळी फोन केला तर जो पंच अंथरुणातून उठून बांधावर येतो, तो खरा पंच. त्याला मानधन नसते. गावात त्याचे दोन मित्र कमी होतात, आणि निवडणुकीला ते त्याच्याविरुद्ध उभे राहतात.

आपण कोठे बसलो आहोत?

शहरातल्या श्रोत्यांपुढे मी हे का सांगत आहे, असे कोणी विचारील. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला आणि त्यात तळी-बंधारे बांधून पाणी जिरवण्याचा आग्रह धरला. पुढल्याच वर्षी, १८८४ मध्ये, त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. एकाच मंडळींनी ही दोन्ही कामे हाती घेतली, यात नवल नाही. गावात पाणी नाही म्हणून माणूस गिरणीच्या दारात येतो, आणि तो आला की दारातल्या साऱ्यांचीच मजुरी खाली येते.

दुसरे कारण याहून जवळचे आहे. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत त्याखालोखाल उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेतीला दुसरे स्थान दिले. कागदावर क्रम कोणताही असो, कालव्याच्या तोंडाशी आज आपले शहर बसले आहे. मोठ्या शहरात माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरतात. खेड्यासाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले. एक लाख वस्तीच्या शहराला १३५ च्या हिशेबाने रोज १ कोटी ३५ लाख लिटर लागतात. वर केलेले गणित लावून पाहा. एकराच्या एका पाळीला सुमारे तीन लाख लिटर. म्हणजे आपले शहर रोज ४५ एकरांची एक पाळी पिते. त्याला आपला हक्क आहे. परंतु त्यातले किती पाणी फुटक्या नळातून जाते, किती जणांच्या मीटरला कुलूप आहे, कोणत्या वाड्याची पट्टी किती वर्षे थकली आहे, हे विचारण्याचा हक्क त्या टेलच्या माणसाला आहे की नाही? आपल्या नगरपालिकेत थकबाकीदारांची यादी फळ्यावर लागते का? लागली तर तिसरे नाव कोणाचे निघेल?

त्या गावच्या पंचांना मी नियम सांगून आलो, तेव्हा परतीच्या एस.टी.त माझ्या मनात आले की माझ्या स्वतःच्या चाळीतली टाकी गेला महिनाभर वाहते आहे आणि मी त्याबद्दल कोणाला एक शब्दही बोललेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लंबरला बोलावले. वर्गणी काढावयास गेलो तेव्हा अकरा बिऱ्हाडांपैकी सातांनी दिली. उरलेल्या चारांकडे अजून फेऱ्या घालतो आहे.